झीरो अवर: हम्व्ही टेहळणीला पाठवण्याची योग्य पद्धत, भरण्यापासून परतीपर्यंत

‘कमांड अँड कॉन्कर जनरल्स: झीरो अवर’ या युद्धाच्या संगणक खेळात अमेरिकेची बाजू घेऊन खेळणारे बरेच जण पहिली हम्व्ही तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गमावतात आणि मग “हम्व्ही कुचकामी आहे” म्हणत थेट रणगाड्यांकडे वळतात. दोष गाडीचा नसतो. ती रिकामी पाठवलेली असते, किंवा रणगाड्यासारखी समोरासमोर उभी केलेली असते. हम्व्ही म्हणजे आधी डोळे, मग जवान वाहून नेणारी गाडी आणि सगळ्यात शेवटी बंदूक. हा क्रम उलटला की गाडी गेली म्हणून समजा.

खालचे सगळे आकडे झीरो अवरच्या १.०४ आवृत्तीतल्या साध्या अमेरिकेचे आहेत. खास जनरल घेतलात तर काही किमती बदलतील, पद्धत तीच राहील. जनरल ग्रेंजर (हवाई दल) आणि जनरल अलेक्झांडर (सुपरवेपन) यांना क्रुसेडर-पॅलाडिन रणगाडे मिळतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या खेळाडूंना हे नीट यायलाच हवे.

## आधी चार आकडे डोक्यात ठेवा

हम्व्हीची किंमत ७०० डॉलर आणि ताकद २४०. क्रुसेडर रणगाडा ९०० डॉलरला येतो आणि त्याची ताकद ४८० असते. म्हणजे २०० डॉलर वाचवून तुम्ही निम्म्या जिवाची गाडी घेतलेली असते. हा व्यवहार फक्त एका कारणासाठी परवडतो. हम्व्हीत पाच जवान बसतात आणि ते आतून गोळीबार करतात. जीएलएच्या (ग्लोबल लिबरेशन आर्मी, खेळातली बंडखोर बाजू) टेक्निकल गाडीतही पाच जण बसतात, पण त्यांना आतून गोळी झाडता येत नाही. दोन गाड्या दिसायला सारख्याच हलक्या, पण त्यांची कामे वेगळी ठरतात ती यामुळेच.

मिसाईल डिफेंडर (रॉकेटवाला जवान) ३०० डॉलरला येतो आणि रेंजर (बंदूकवाला साधा जवान) २२५ डॉलरला. तीन मिसाईल डिफेंडर बसलेली हम्व्ही १६०० डॉलरची होते, पाच बसलेली २२०० डॉलरची. पडद्यावर ती छोटीशी जीप दिसते, पण तिच्यात दोन रणगाड्यांचे पैसे गुंतलेले असतात. तिला वागवताना हे विसरू नका.

## टप्पा १: बेसचा क्रम

१०,००० डॉलरने सुरू होणारा सामना धरून चालू.

१. पहिला डोझर (इमारती बांधणारी गाडी) वीज देणारा कोल्ड फ्यूजन रिअॅक्टर उभारतो (८००). तो असल्याशिवाय बॅरॅक्स आणि सप्लाय सेंटर दोन्ही उभारता येत नाहीत.

२. त्याच वेळी कमांड सेंटरमधून दुसरा डोझर काढा (१०००).

३. रिअॅक्टर झाला की एक डोझर सप्लाय सेंटरला लावा (२०००) आणि दुसरा बॅरॅक्सला (६००). सप्लाय सेंटर रसदेच्या ढिगाला खेटूनच हवे. त्याच्यासोबत एक चिनूक (रसद आणणारे हेलिकॉप्टर) फुकट मिळते.

४. सप्लाय सेंटर पूर्ण होताच वॉर फॅक्टरी (२०००).

इथवर ६४०० डॉलर गेले, हातात ३६०० उरले. दोन हम्व्हींचे १४०० आणि सहा मिसाईल डिफेंडरचे १८०० काढले तरी ४०० राहतात. त्यातून एक रेंजरही निघतो. रसदेचे पैसे यायला लागेपर्यंत याहून जास्त ओढाताण करू नका.

इथली नेहमीची चूक म्हणजे वॉर फॅक्टरी पूर्ण झाल्यावर बॅरॅक्सकडे लक्ष जाणे. हम्व्ही बाहेर येते, जवान मात्र अजून तयार नसतात. मग “तोवर जरा बघून येऊ” म्हणून गाडी रिकामीच निघते. वॉर फॅक्टरी अर्धी उभी राहिली की बॅरॅक्समध्ये तीन मिसाईल डिफेंडर रांगेत लावा. गाडी आणि जवान साधारण एकाच वेळी हाताशी येतात.

बॅरॅक्सचा जमण्याचा बिंदू (रॅली पॉइंट) वॉर फॅक्टरीच्या दाराशेजारी लावा, दारासमोर नको. दारासमोर जवान उभे राहिले की बाहेर पडणारी गाडी त्यांच्यात अडते आणि दोघांचाही वेळ जातो.

तपासा: विजेची पट्टी हिरवी आहे ना? वीज कमी पडली की उत्पादन मंदावते आणि रडारही जाते. ज्या घडीला नकाशा बघायचा, नेमक्या त्याच घडीला तो हातात नसतो.

## टप्पा २: गाडी भरणे

जवानांना निवडा आणि हम्व्हीवर क्लिक करा. ते चालत येऊन आत बसतात. गाडीवरचे छोटे ठिपके बघा, किती जागा भरल्या ते तिथे कळते. गाडी निवडली की खालच्या पट्टीत आतल्या प्रत्येक जवानाचे चित्र दिसते. एका चित्रावर क्लिक केले तर तेवढाच जवान उतरतो. सगळ्यांना एकदम उतरवायचे असेल तर इव्हॅक्युएटचे बटण आहे. हा फरक हाताला बसवून घ्या. एका रेंजरला तेलविहीर ताब्यात घ्यायला उतरवायचे असताना घाईत सगळेच उतरले, तर समोरून आलेली जीएलएची एक क्वाड कॅनन (चार नळ्यांची तोफगाडी) ९०० डॉलरचे जवान क्षणात साफ करते.

कोणाला बसवायचे?

टेहळणीच्या पहिल्या गाडीत तीन मिसाईल डिफेंडर पुरे. पायदळासाठी हम्व्हीची स्वतःची मशीनगन आहे, आतून रॉकेट हवे ते गाड्यांसाठी आणि विमानांसाठी. मशीनगन आकाशात मारू शकत नाही, मिसाईल डिफेंडर मारू शकतो. म्हणून समोर अमेरिका असेल तर रॉकेटवाल्यांशिवाय गाडी बाहेर काढूच नका.

पाचही जागा पहिल्याच फेरीत भरू नका. ज्या भागात काय आहे हेच माहीत नाही तिथे २२०० डॉलर पाठवणे हा जुगार आहे. शत्रू कुठे आणि किती ते कळल्यावर दुसऱ्या फेरीत पाच बसवा.

रेंजरचा पल्ला मिसाईल डिफेंडरपेक्षा कमी. त्याला मारता यावे म्हणून गाडी जवळ न्यावी लागते आणि जवळ जाणे हे हम्व्हीचे मरण. रेंजर फक्त कामापुरता बसवा, म्हणजे इमारत ताब्यात घ्यायला (त्यासाठी १००० डॉलरचा अपग्रेड लागतो) किंवा नागरी इमारतीत लपलेले जवान फ्लॅशबँगने हुसकायला.

सावधान: दोन गाड्या भरताना सगळे जवान एकदम निवडून एकाच गाडीवर क्लिक करू नका. पहिल्या गाडीच्या तीन जवानांना एक क्रमांक द्या, दुसऱ्या तिघांना दुसरा. कंट्रोल आणि आकडा दाबला की गट बनतो. नंतर तोच आकडा दोनदा दाबला की पडदा थेट त्या गटावर जातो.

## टप्पा ३: स्काउट ड्रोन, निघण्याआधी

गाडी भरली की लगेच १०० डॉलरचा स्काउट ड्रोन लावा. तो नजर वाढवतोच, शिवाय लपलेले शत्रू उघडे पाडतो. जीएलएसमोर हे १०० डॉलर वाचवणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून निघणे. डेमो ट्रॅप (लपवलेला स्फोटक सापळा) आणि दबा धरलेला हायजॅकर (गाडी पळवणारा जवान) उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत.

एका गाडीला एकच ड्रोन मिळतो. ३०० डॉलरचा बॅटल ड्रोन गाडीची डागडुजी करत राहतो, पण तो लावला की स्काउट ड्रोनची जागा गेली. टेहळणीच्या गाडीला स्काउट, मागून येणाऱ्या लढाऊ गाड्यांना बॅटल, अशी वाटणी ठेवा. सगळ्यांना बॅटल ड्रोन लावणारे बरेच दिसतात. त्यांच्या गाड्या चकाचक दुरुस्त अवस्थेत डेमो ट्रॅपवर जातात.

## टप्पा ४: मार्ग आखणे

सरळ शत्रूच्या बेसवर क्लिक केले की गाडी सगळ्यात जवळच्या रस्त्याने जाते, आणि शत्रूने बंदोबस्त तिथेच केलेला असतो. ऑल्ट दाबून ठेवा आणि थांबे एकामागून एक क्लिक करत जा. गाडी त्याच क्रमाने फिरते आणि तुम्ही बेसकडे बघायला मोकळे राहता.

थांब्यांचा क्रम असा ठेवा:

१. आधी तुमच्या बाजूचा दुसरा रसदेचा ढीग. तिथे जीएलएचे टनेल नेटवर्क (एकमेकांना जोडलेल्या भुयारांचे तोंड) किंवा चीनचा बंकर उभा राहत असेल तर सगळ्यात आधी हेच कळायला हवे.

२. मग मधल्या तेलविहिरी.

३. नंतर नकाशाच्या कडेने शत्रूच्या रसदेकडे. कडेला एक बाजू झाकलेली असते, मारा एकाच दिशेने येऊ शकतो.

४. शेवटी बेसच्या मागच्या अंगाला एक ओझरती नजर आणि आलेल्या वाटेने परत. परतीचे थांबेही निघतानाच देऊन ठेवा.

मधल्या नागरी इमारतींपासून अंतर ठेवा. इमारतीत बसलेल्या जवानांचा पल्ला आणि मारा दोन्ही वाढलेले असतात. तुमचा मिसाईल डिफेंडर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी ते गाडीपर्यंत पोहोचतात. इमारतीवर शत्रूचा रंग दिसला की वळसा घ्या.

## टप्पा ५: काय बघायचे

शत्रूचा बेस “दिसला” म्हणजे टेहळणी झाली नाही. पाच-सहा सेकंदांत तीन गोष्टी मोजायच्या असतात.

पहिली, उत्पादनाच्या इमारती. चीनच्या दोन वॉर फॅक्टरी लवकर दिसल्या तर रणगाड्यांची लाट येणार, बॅरॅक्समधून मिसाईल डिफेंडर वाढवा. अमेरिकेचे एअरफिल्ड आधी आणि वॉर फॅक्टरी नाहीच, तर रॅप्टर विमाने किंवा कोमँची हेलिकॉप्टर येणार. जीएलएच्या बेसमध्ये आर्म्स डीलर दिसत नसेल पण कामगार कमी असतील, तर ते कुठेतरी दुसरीकडे बांधकाम करत आहेत. बहुधा तुमच्याच अंगणात.

दुसरी, रसद कोण आणते आणि कोणत्या वाटेने. चीनचे ट्रक आणि जीएलएचे कामगार जमिनीवरून येतात. अमेरिकेची चिनूक हवेतून येते. पुढच्या फेरीचे लक्ष्य हेच.

तिसरी, संरक्षणाच्या इमारतींची तोंडे. पॅट्रियट, स्टिंगर साइट, गॅटलिंग कॅनन कुठे आहेत यापेक्षा कुठे नाहीत ते बघा. एकदा पाहिलेला भाग धुक्यात (तुमच्या नजरेआड) गेला तरी इमारती नकाशावर करड्या दिसत राहतात. त्यामुळे थांबून न्याहाळायची गरज नाही. गाडी वळवा आणि निवांतपणे पडदा तिकडे नेऊन मोजा.

तपासा: परतताना स्वतःला विचारा, शत्रूच्या वॉर फॅक्टरी किती? उत्तर येत नसेल तर फेरी वाया गेली.

## टप्पा ६: चालता-चालता मारणे

इथेच सगळ्यात जास्त गाड्या मरतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

शत्रूवर हल्ल्याचा क्लिक दिला की हम्व्ही पल्ल्यात जाते आणि थांबते. थांबलेली हम्व्ही म्हणजे २४० ताकदीचे स्थिर लक्ष्य. त्याऐवजी फक्त चालण्याचा हुकूम द्या. गाडी चालत असतानाही वरची बंदूक आणि आतले जवान पल्ल्यात आलेल्यावर आपणहून गोळीबार करतात.

समजा रसदेच्या वाटेवर चीनचा एक सप्लाय ट्रक आणि सोबत एक गॅटलिंग टँक आहे. गाडी ट्रकवर नेऊ नका. ट्रकच्या बाजूने तिरकी जाणारी रेघ मनात आखा, तिच्या टोकाला क्लिक करा. रॉकेट निघताना दिसतील. गॅटलिंगची नळी फिरायला लागली की लगेच उलट दिशेला क्लिक. गॅटलिंग जितका वेळ सलग मारते तितकी तिची गती वाढत जाते. पहिल्या एक-दोन सेकंदांत ती सहन होते, चौथ्या-पाचव्या सेकंदाला गाडी फोडते. पल्ल्याबाहेर गेलात की तिची गती पुन्हा खाली येते. मग दुसऱ्या बाजूने तीच तिरकी रेघ. तीन फेऱ्यांत ट्रक जातो आणि गाडी जिवंत असते.

दोन हम्व्ही एकत्र असतील तर त्यांना एका गटात ठेवून एकच हुकूम देऊ नका. एक मागे हटताना दुसरी पुढे यायला हवी. शत्रू ज्या गाडीवर मारतो आहे तीच मागे न्या, दुसरीला मारू द्या. दोन आकडे, आलटून पालटून. हाताला सवय लागायला आठ-दहा सामने जातात, पण हम्व्हीचा सगळा खेळ यातच आहे.

सावधान: अॅटॅक-मूव्ह हम्व्हीसाठी वापरू नका. समोर शत्रू आला की गाडी तिथेच थांबून लढते, आणि तुम्ही बेसमध्ये रिअॅक्टर लावत असता.

## टप्पा ७: समोर कोण, त्यावर काय

जीएलए. सगळ्यात जपून खेळायचा शत्रू. त्यांच्या गाडीने तुमची हम्व्ही फोडली की मागे भंगाराचा खोका पडतो. टेक्निकल किंवा क्वाड कॅननने तो उचलला की तिची बंदूक सुधारते. म्हणजे तुमचे नुकसान दुप्पट. म्हणून जीएलएसमोर अर्धमेली गाडी लढत ठेवणे ही सगळ्यात महाग चूक. त्यांचा खास नेमबाज जार्मेन केल ड्रायव्हरला टिपतो आणि गाडी बेवारस उभी राहते. मग कोणाचाही पायदळ जवान तिच्यात बसून ती पळवू शकतो. केल आला अशी शंका आली की गाडी थांबू देऊ नका आणि स्काउट ड्रोनवाली गाडी पुढे ठेवा. टनेल नेटवर्कपासून लांब राहा. एकट्या टनेलमागे किती जण दडलेत ते बाहेरून कळत नाही.

चीन. टँक हंटर (रॉकेटवाले पायदळ) आणि गॅटलिंग टँक यांची जोडी हम्व्हीसाठी वाईट. टँक हंटर दिसले की मशीनगनला काम करू द्या, फक्त गॅटलिंगच्या बाजूने जाऊ नका. चीनची हॅकर ब्लॅक लोटस गाडी जागच्या जागी बंद पाडते. तिला बघताक्षणी मारा, तिच्यात जीव फार नसतो. पुढे ईसीएम टँक आला की तुमची रॉकेटे भरकटतात आणि गाड्याही बंद पडतात. त्या घडीला हम्व्हींनी हल्ला थांबवून विमानांकडे काम सोपवायचे.

अमेरिका. समोरही हम्व्हीच असतील. जिच्यात जास्त मिसाईल डिफेंडर, ती जिंकते. पॅट्रियटच्या आसपास फिरू नका, एकाला छेडले की जवळचे पॅट्रियटही साथ देतात. पॅलाडिन आणि अॅव्हेंजरवर लेझर असतो, तो तुमची रॉकेटे हवेतच फोडतो. एकट्या हम्व्हीने त्यांच्या नादी लागू नये. तीन-चार गाड्यांची रॉकेटे एकाच वेळी सुटली तरच त्यातली काही पोहोचतात.

## टप्पा ८: परत आणणे आणि दुरुस्ती

गाडीची पट्टी पिवळी झाली की परत, लाल होण्याची वाट बघू नका. लाल पट्टीने निघालेली गाडी वाटेत एका रॉकेटने जाते.

गाडी निवडून वॉर फॅक्टरीवर क्लिक करा, ती तिथे जाऊन फुकट दुरुस्त होते. जखमी जवान उतरवून बॅरॅक्सवर क्लिक केले की तेही बरे होतात. दोन्ही फुकट असून निम्मे खेळाडू वापरत नाहीत. ते पिवळ्या गाडीत नवे जवान भरून पुन्हा पाठवतात.

गाडी वाचत नाही हे दिसलेच तर? फुटल्यावर आतले जवान थोडे जखमी होऊन बाहेर पडतात. ते जगतील की नाही हे गाडी कुठे फुटली यावर ठरते. म्हणून शेवटची धाव शत्रूकडे नको, आपल्या बाजूच्या उंचवट्याकडे किंवा रिकाम्या नागरी इमारतीकडे घ्या. बाहेर पडलेले जवान त्या इमारतीत शिरले तर मागावर आलेल्या गाड्यांनाच अडवतात. ९०० डॉलरचे जवान वाचले म्हणजे निम्म्याहून जास्त गुंतवणूक वाचली.

## टप्पा ९: टो मिसाईल कधी घ्यायचे

वॉर फॅक्टरीत १२०० डॉलरला टो मिसाईलचा (हम्व्हीच्या स्वतःच्या रॉकेटचा) अपग्रेड मिळतो. तो सगळ्या हम्व्हींना लागू होतो आणि हवेतही मारतो. पण एक-दोन गाड्यांसाठी तो घेणे म्हणजे पैसे बुडवणे. तेवढ्या पैशात चार मिसाईल डिफेंडर येतात. हिशोब साधा आहे. चार हम्व्ही जिवंत असतील आणि दुसरे सप्लाय सेंटर चालू असेल, तेव्हा घ्या. त्याआधी पैसे जवानांत घाला.

तिसऱ्या रँकला पाथफाइंडर हा नेमबाज उघडतो (६०० डॉलर). समोरचा पायदळावर भर देत असेल तर एका हम्व्हीत दोन पाथफाइंडर आणि तीन मिसाईल डिफेंडर बसवा. लांबून पायदळ टिपणारी गाडी चीनच्या रेड गार्डला आणि जीएलएच्या रिबेलना पुढे सरकू देत नाही.

शत्रूकडे ओव्हरलॉर्ड रणगाडे येऊ लागले की नव्या हम्व्ही काढणे बंद करा. असलेल्या गाड्या फोडून घेऊ नका. दोन स्काउट ड्रोनवाल्या नकाशाच्या दोन कडांना उभ्या ठेवा आणि बाकीच्यांना शत्रूच्या रसदेच्या वाटेवर फिरत ठेवा.